क्रमत्यागाचा सिद्धान्त आणि निद्राकर औषधी : अहमदनगरच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

औषधींचा इतिहास लिहिणारे बहुधा एकाच दिशेने लिहितात. एखादी वनस्पती प्रथम कोणत्या ग्रंथात आली, कोणत्या वैद्याने ती कोणत्या रोगावर योजिली, तिच्यातील सत्त्व कोणी वेगळे केले, हे ते शोधतात. ती वनस्पती घेणारा मनुष्य पुढे तिच्यापासून मोकळा कसा झाला, किंवा झालाच नाही, हा प्रश्न सहसा मांडला जात नाही. झोप आणणाऱ्या व मनाची तगमग शमविणाऱ्या औषधींच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण या वर्गातील द्रव्ये सुरू करणे सोपे आणि सोडणे अवघड असते. अहमदनगर जिल्ह्याचा (२०२४ पासून अहिल्यानगर) या विषयाशी तीन ठिकाणी संबंध येतो : निजामशाही दरबाराच्या निमित्ताने, गांजाच्या लागवडीच्या निमित्ताने आणि आयुर्वेदाच्या आधुनिक शिक्षणाच्या निमित्ताने. हे तीन प्रसंग एकमेकांपासून दूर आहेत. परंतु औषध सोडण्याच्या रीतीचा प्रश्न तिन्ही ठिकाणी उभा राहतो.

या प्रश्नाचे सर्वांत जुने शास्त्रीय उत्तर आयुर्वेदाच्या संहितांत आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या, म्हणजे ‘न वेगान्धारणीय’ अध्यायात, आणि अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातीलही सातव्याच अध्यायात, अंगवळणी पडलेले अहितकर द्रव्य कसे सोडावे याचा नियम दिला आहे. त्यास पादांशिक क्रम म्हणतात. नियमाचा आशय थोडक्यात असा : सवयीचे अपथ्य एकाएकी टाकू नये, त्याचा चौथा हिस्सा, किंवा चौथ्या हिश्शाचाही चौथा हिस्सा, एका वेळी कमी करावा, जेवढे अपथ्य कमी होईल तेवढ्याच प्रमाणात पथ्य त्याच्या जागी आणावे, आणि दोन पायऱ्यांमध्ये एक, मग दोन, मग तीन दिवसांचे अंतर ठेवावे. वाग्भट पुढे कारणही सांगतो. अपथ्य असले तरी ते शरीराला सात्म्य झालेले असते. ते सहसा तोडले, किंवा पथ्यदेखील सहसा सुरू केले, तर त्यापासूनच विकार उत्पन्न होतो.

या नियमातील दोन गोष्टी सहज नजरेतून सुटतात. पहिली, अंतर वाढत जाते. पहिल्या पायरीनंतर एक दिवस थांबावयाचे, पुढे दोन, पुढे तीन. म्हणजे मात्रा जसजशी उतरते तसतसा मुक्काम लांबतो. दिवस नेमके कसे मोजावयाचे याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत; तथापि शेवटाकडे अधिक सावकाश जावे, हा रोख स्पष्ट आहे. दुसरी गोष्ट अशी की, सोडणे आणि धरणे ही दोन्ही कामे एकाच मापाने चालतात. ज्या जागेवरून अपथ्य उठले ती जागा रिकामी ठेवण्यास शास्त्र तयार नाही.

अष्टांगहृदयात या नियमाला जी जागा मिळाली आहे तीही अर्थपूर्ण आहे. पादांशिक क्रमाचे श्लोक संपताच अवघ्या एका श्लोकाच्या अंतराने आहार, शयन आणि अब्रह्मचर्य या शरीराला धारण करणाऱ्या त्रयीचा उल्लेख येतो व तेथून निद्रेचे सविस्तर विवेचन सुरू होते. ज्याची झोप मंद आहे त्याने काय करावे, हे सांगताना वाग्भट दूध, दही, मांसरस, मद्य, तेलाचा अभ्यंग, उटणे, स्नान आणि मस्तक, कर्ण व नेत्र यांचे तर्पण सुचवितो. या यादीत मद्य आहे, हे नाकारता येणार नाही. पण अफू नाही, भांग नाही, झोपेची म्हणून वेगळी काढलेली एखादी मुळीही नाही. सवय सोडण्याचा नियम आणि झोपेचा विचार एकाच अध्यायात शेजारी-शेजारी बसलेले असूनही त्या दोहोंची गाठ वाग्भटाने घातली नाही, कारण त्याच्या काळी ती घालण्याची गरज पडली नव्हती.

ही गरज पुढे उत्पन्न झाली. शार्ङ्गधरसंहितेत व्यवायी द्रव्याचे लक्षण सांगताना, म्हणजे जे पचनाची वाट न पाहता प्रथम सर्व शरीरात पसरते ते, उदाहरण म्हणून भांग आणि अहिफेन यांची नावे येतात. या काळापर्यंत अफू आयुर्वेदाच्या औषधिसंग्रहात स्थिर झाली होती. त्याच सुमारास, तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. आजच्या नगर जिल्ह्याचा प्रदेश तेव्हा यादवांच्याच सत्तेखाली होता आणि हेमाद्रीचे नाव तेथील जुन्या दगडी देवळांना लोकांनी चिकटविले आहे. त्याची वैद्यकावरील टीका मात्र फारच थोड्यांच्या स्मरणात राहिली. तात्पर्य, पादांशिक क्रमाचा पाठ या भूमीत अखंड शिकविला जात होता. नवे द्रव्य आले तेव्हा नियम हाताशी होता. तो नियम त्या द्रव्याला कोणी लावला, हे ग्रंथांतून क्वचितच दिसते.

चरकाने मद्याच्या प्रकरणात मात्र एक निरीक्षण नोंदविले आहे व ते या विषयाला जवळचे आहे. ज्याने मद्य सोडले आहे तो जर पुन्हा एकदम पुष्कळ पिऊ लागला तर त्यास ध्वंसक आणि विक्षय हे विकार होतात, असे चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात म्हटले आहे. सोडण्याच्या काळात शरीराची सहनशक्ती बदलते आणि जुनी मात्रा नव्या शरीराला पेलत नाही, हे येथे पूर्णपणे ओळखलेले आहे.

अफूच्या बाबतीत हेच निरीक्षण पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या युरोपियनांनी स्वतंत्रपणे केले. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हा १५३४ साली गोव्यात उतरला आणि त्याचा औषधीविषयक संवादग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. अहमदनगरच्या इतिहासाच्या दृष्टीने ओर्ताचे महत्त्व असे की, बुऱ्हाण निजामशहा (कारकीर्द इ. स. १५१०–१५५३) याच्या चिकित्सेसाठी तो त्या दरबारी गेला होता. निजामशहाचे आणि त्याच्या पदरच्या हकिमांचे उल्लेख ग्रंथात वारंवार येतात. दख्खनच्या दरबारात कोणती औषधे चालत, याची ओर्ताची माहिती बरीचशी या सहवासातून मिळालेली आहे. भांग आणि अफू या दोहोंवर त्याने स्वतंत्र संवाद लिहिले. पूर्वीचे मोठे सेनापती श्रमाचा व चिंतेचा विसर पडावा आणि झोप यावी म्हणून भांग घेत, असे त्याने ऐकलेले सांगितले आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा पोर्तुगीज सेनानीस म्हणाला की, रात्री पोर्तुगाल, तुर्कस्तान किंवा अरबस्तान पाहण्याची इच्छा झाली की आपण थोडी भांग खातो. ही ओर्ताची गोष्ट प्रसिद्धच आहे. दरबारी माणसाला हे द्रव्य कशासाठी हवे होते, याचा उलगडा त्यावरून होतो. राज्याचा भार वाहणाऱ्याला रात्र घालवावयाची होती.

ओर्तानंतर वीस वर्षांनी गोव्यात आलेला डच प्रवासी लिन्सखोटेन (१५८३ ते १५८८ या काळात तो तेथे होता) अधिक स्पष्ट लिहितो. अफूची सवय असणारे दररोज वीस-तीस ग्रेन वजनाची अफू खातात. अशा माणसाने चार-पाच दिवस ती सोडली तर तो मरतोच. आणि ज्याने कधीच खाल्ली नाही त्याने पहिल्याच दिवशी तेवढी खाल्ली तर तोही मरतो. आज या विधानातील पहिला भाग अतिशयोक्त मानला जाईल. अफू तुटल्याने होणारा त्रास भयंकर असला तरी धडधाकट माणूस त्याने सहसा दगावत नाही. जुलाब-वांत्यांनी गळून गेलेला दुर्बल रोगी किंवा तान्हे मूल यांची गोष्ट निराळी. दुसरा भाग मात्र अक्षरशः खरा आहे. कित्येक दिवस अफू सोडून राहिलेला मनुष्य मोह अनावर होऊन जुन्या मात्रेकडे वळला म्हणजे त्याचीही गत त्या नवख्यासारखीच होते. चरकाचा ध्वंसक आणि लिन्सखोटेनची ही नोंद यांत एक सहस्रकाहून अधिक अंतर असले तरी निरीक्षण एकाच जातीचे आहे.

एकोणिसाव्या शतकात प्रश्नाचे स्वरूप पालटले. सवय ही वैद्याची किंवा दरबाराची बाब न राहता महसुलाची बाब झाली. १८७८ च्या अफू कायद्याने लागवड, वाहतूक आणि विक्री ही परवान्याच्या चौकटीत आली. इंग्लंडातील अफूविरोधी चळवळीच्या रेट्यामुळे १८९३ साली लॉर्ड ब्रासी यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. त्याने १८९५ च्या अहवालात बंदीची शिफारस केली नाही. याच सुमारास, १८९३–९४ मध्ये, भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठी मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग बसला. त्याने अकराशेहून अधिक साक्षी नोंदविल्या. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड ज्या थोड्या जिल्ह्यांत होत असे त्यांत अहमदनगर होता. नरझाडे वेळीच उपटून मादीझाडांचे तुरे राळेने भरू द्यावयाचे, हे कष्टाचे काम होते. पुढे ही लागवड परवान्याखाली आणून माल सरकारी देखरेखीच्या कोठारांत ठेवण्याची पद्धत पडली.

या आयोगाची प्रश्नावली इतिहासाच्या अभ्यासकाने बारकाईने वाचावी अशी आहे. सवय सहज लागते काय, ती मोडणे कठीण जाते काय, माफक सवय वाढून अतिरेकाकडे झुकते काय, असे तिच्यात विचारले आहे. द्रव्य सोडावे लागले तर घेणाऱ्यास ती मोठी हानी वाटेल काय, बंदी केली तर लोक चोरून घेतील काय किंवा दारूकडे वळतील काय, हेही विचारले आहे. शेवटच्या प्रश्नात वाग्भटाचीच शंका सरकारी भाषेत उमटली आहे : एक काढले तर त्या जागी काय येईल? परंतु आयोगाला उत्तर हवे होते ते राज्यकारभारासाठी. कोणी एक मनुष्य सोडू पाहत असेल तर त्याने कोणत्या पायऱ्यांनी सोडावे, हा प्रश्न त्या लांबलचक यादीत नाही. माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही, असा निर्णय देऊन आयोगाने नियंत्रण व कर यांची शिफारस केली. या निर्णयाची स्तुती पुढे अनेकांनी केली आहे व ती बरीचशी योग्यही आहे. तथापि माफक सेवन करणारा बाजूला काढल्यावर जो उरतो त्याच्यासाठी अहवालात फारसे काही नाही.

अफू घेणाऱ्यांत आणखी एक वर्ग होता, तो म्हणजे तान्ही मुले. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया मुलास दिवसभर झोपवून ठेवण्यासाठी अफूची गोळी देत. तिला बाळगोळी म्हणत. १९२२ साली मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये डॉ. बार्न्स या स्त्री-वैद्याची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत गिरणीकामगार स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ जणांना अफू दिली जाते, असे नमूद होते. या आकड्यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले, विधिमंडळात व वृत्तपत्रांत चर्चा झाली आणि दोष बहुधा आईच्या अज्ञानावर ठेवला गेला. रत्नागिरी, सातारा, पुणे आणि दुष्काळाने वारंवार होरपळणारा अहमदनगर या जिल्ह्यांतून आलेल्या बायांपुढे दुसरा मार्ग कोणता होता, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. गिरणीत पाळणाघर नाही, चाळीत सासू नाही, आणि पाळी चुकली तर मजुरी जाते.

येथे एक घरगुती तुलना उपयोगी पडते. गावाकडे तान्ह्या मुलाला बाळगुटी देण्याची चाल आहे. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, सुंठ, जायफळ अशी द्रव्ये सहाणेवर दुधात उगाळून ती चाटवितात. त्यांतील जायफळ झोपेसाठी असते. गुटीची मात्रा वेढ्यांत मोजतात. सहाणेवर एकदा फिरविले की एक वेढा. मूल महिन्याचे झाले, दोन महिन्यांचे झाले, पोट बिघडले, दात येऊ लागले, तसे वेढे बदलतात आणि पुढे गुटी आपोआप मागे पडते. जायफळही अधिक झाल्यास अपायकारक असते, आणि बाळगुटीचे सरसकट समर्थन आजचा बालवैद्य करणार नाही, हे खरे. पण मापाच्या दृष्टीने पाहता वेढा हे फार सूक्ष्म माप आहे; ते वाढविता येते, अर्धे करता येते, एक दिवसाआड देता येते. घराघरांतल्या वृद्ध स्त्रियांनी पादांशिक क्रमाचे नावही ऐकले नसेल, तरी त्यांच्या हातातील साधन त्या क्रमाला अनुकूल होते. बाजारातून आणलेल्या गोळीला वेढे नसतात. तीत अफू किती आहे हे विकणाऱ्यासही ठाऊक नसे. ती पूर्ण द्यावयाची किंवा द्यावयाची नाही. गोळी अचानक बंद केलेले मूल रात्रभर किंचाळते, थरथरते, त्याला जुलाब लागतात, आणि आई घाबरून पुन्हा गोळी देते. हा अफू तुटण्याचा त्रास आहे, मुलाचा दुसरा रोग नव्हे, हे तिला समजावून सांगणारे कोणी नव्हते.

स्वातंत्र्यानंतर सरकारने ‘क्रमाने सोडणे’ हे तत्त्व उघडपणे स्वीकारले. १९४९ साली भरलेल्या अखिल भारतीय अफू परिषदेत असे ठरले की, वैद्यकीय कारणाखेरीज होणारे अफूचे सेवन दहा वर्षांत संपवावयाचे, आणि त्यासाठी प्रांतांना मिळणारा पुरवठा दरसाल शेकडा १० ने घटवीत न्यावयाचा. १९५९ च्या मार्चअखेर हा पुरवठा शून्यावर यावयाचा होता. संपूर्ण देशाला लावलेला असा उतरता क्रम जगाच्या इतिहासात विरळाच. तत्पूर्वी आसामात १९३९ साली काही विभागांत अफूबंदीची मोहीम झाली होती. पण तिचा व्याप व वेग दोन्ही निराळे होते. मुंबई राज्याने तर १९४९ सालीच दारूबंदीचा व्यापक कायदा केला. नगर जिल्हा तेव्हा त्या राज्यात होता.

कागदावर हा क्रम वाग्भटाच्या नियमाची आठवण करून देतो, आणि दहा वर्षांची मुदत पाहता कोणी त्यास घाईचा म्हणणार नाही. तरीही दोहोंत मूलगामी अंतर आहे. साधे गणित करून पाहावे. शंभरांतून दरसाल मूळच्या शेकडा १० कमी केले तर पहिल्या वर्षी मनुष्याच्या वाट्यातून दहावा हिस्सा जातो. सहाव्या वर्षी उरलेल्या पन्नासांतून दहा जातात, म्हणजे पाचवा हिस्सा. नवव्या वर्षी वीसांतून दहा, म्हणजे निम्मे. शेवटच्या पायरीस उरलेले सर्वच. पायरी कागदावर सारखी दिसते; शरीराला ती दर वेळी अधिक उंच लागते. हा दोष समान हिश्श्यांच्या कोणत्याही क्रमात आहे. वाग्भटाच्या चतुर्थांशातही आहे. म्हणूनच त्याने चौथ्याचा चौथा हिस्सा हा पर्याय ठेवला आणि पुढच्या पायऱ्यांवरील मुक्काम वाढविला. सरकारी क्रमात प्रत्येक मुक्काम एका आर्थिक वर्षाचा होता.

याहून मोठे अंतर निराळेच आहे. पुरवठा शेकडा १० ने घटला म्हणजे प्रत्येक सेवन करणाऱ्याचा वाटा शेकडा १० ने घटतो, असे मुळीच नाही. दुकानात माल कमी आला की भाव चढतो; ज्याच्याजवळ पैसा आहे तो आपली मात्रा राखतो, आणि ज्याच्याजवळ नाही त्याची मात्रा एका दिवशी पुरती तुटते. वाग्भटाचा क्रम एका शरीरापुरता होता. परिषदेचा क्रम कोठारापुरता होता. कोठार पायरीपायरीने रिकामे झाले, म्हणून माणूसही पायरीपायरीने मोकळा झाला, असे मानण्यास आधार नाही. वृद्ध सेवक त्या दहा वर्षांत मरण पावतील आणि नवे तयार होणार नाहीत, हा हिशेब या योजनेच्या मुळाशी असावा असे तिच्या रचनेवरून वाटते. लोकसंख्येच्या दृष्टीने तो हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही, पण त्याला चिकित्सा हे नाव देता येत नाही. जागी दुसरे काय द्यावयाचे, हा नियमाचा उत्तरार्ध तर परिषदेच्या योजनेत जवळजवळ नव्हताच. १९५९ नंतरही काही राज्यांत वैद्यकीय दाखला घेऊन नोंदलेल्या व्यसनींना मर्यादित अफू मिळत राहिली. हा अपवाद म्हणजे व्यक्तीचा विचार करणे भाग पडल्याची कबुलीच होय. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानेही अफूसाठी पंधरा व भांगवर्गीय द्रव्यांसाठी पंचवीस वर्षांची संक्रमणमुदत दिली. तीही राष्ट्रांसाठी होती. भारतात १९८५ च्या अमली पदार्थांविषयीच्या कायद्याने हा अध्याय एका अर्थी मिटला. त्या कायद्याने गांजा व चरस निषिद्ध ठरले आणि पानांची भांग राज्यांच्या नियमनावर सोडली गेली.

अफू परिषद भरली त्याच १९४९ साली मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधेवरील निबंध ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हा योगायोगच; पण झोपेच्या औषधींच्या इतिहासात एक दार मिटत असता दुसरे कसे उघडले, हे त्यावरून दिसते. सर्पगंधा लोकवैद्यकात उन्मादावर व निद्रानाशावर पूर्वापार वापरात होती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उन्माद आणि रक्तदाब यांवरील गुण नोंदविला होता. वकिलांच्या निबंधाने पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वळले आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले. थोड्याच वर्षांत रिसर्पिन घेणाऱ्या काही रोग्यांना खोल विषण्णता येते, अशा तक्रारी येऊ लागल्या. या द्रव्याची आणखी एक खोड अशी की, ते बंद केल्यानंतरही त्याचा परिणाम बरेच दिवस टिकतो. अफू सोडणाऱ्यास त्रास लगेच होतो. सर्पगंधा सोडणाऱ्यास आपण अजून तिच्याच अमलाखाली आहोत हे उमगत नाही, आणि झोप येते आहे अशा समजुतीने तो दुसरे औषध वर घेतो. एकाच पादांशिक क्रमाने सर्व द्रव्ये सोडता येत नाहीत, द्रव्याच्या स्वभावानुसार क्रम बदलावा लागतो, ही गोष्ट सर्पगंधेने शिकविली.

या नव्या ज्ञानाची आणि जुन्या नियमाची गाठ पडण्यास योग्य असे स्थान नगर शहरात होते. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली अहमदनगरला आयुर्वेद महाविद्यालय स्थापन केले. त्यापूर्वी १८९१ साली गणेश कृष्ण गर्दे यांच्या ‘सार्थ वाग्भटा’ने अष्टांगहृदय मराठीत आणले होते, आणि शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ साली नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाचे पहिले अधिवेशन भरले होते. गुणेशास्त्र्यांचा ‘औषधीगुणधर्मशास्त्र’ हा ग्रंथ मराठी वैद्यांच्या पिढ्यांनी हाताळला आहे. औषधाचा कल्प, त्याचा रोगाशी व अवस्थेशी असलेला संबंध आणि तो कोठे योजू नये याचा विवेक, हे त्याचे वैशिष्ट्य होय. अशा ग्रंथांत योजनेची बाजू जेवढी भरलेली असते तेवढी सोडण्याची बाजू नसते, आणि हा दोष एका ग्रंथकाराचा नाही. आयुर्वेदाच्या आधुनिक वाङ्मयाला स्वतःचे औषध हे अपथ्य होऊ शकते, हे मान्य करणे जड गेले. पादांशिक क्रम विद्यार्थ्यांना शिकविला गेला तो चहा, तंबाखू, दिवसाची झोप, शिळे अन्न अशी उदाहरणे देऊन. वैद्याने स्वतःच दिलेल्या निद्राकर गोळीस तो लावावा, हे उदाहरण क्वचित दिले गेले.

मूळ सूत्रात मात्र असा भेद नाही. जे शरीराला सात्म्य झाले ते सहसा तोडू नये. ते दुकानातून आले की दवाखान्यातून, हे सूत्र विचारीत नाही. तगराचे उदाहरण पाहावे. आपल्याकडील तगर आणि युरोपातील व्हॅलेरियन या एकाच कुळीच्या वनस्पती असून दोन्ही झोपेसाठी व मनाच्या अस्वस्थतेसाठी घेतल्या जातात. व्हॅलेरियन सामान्यतः सौम्य समजले जाते. तरी १९९८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक प्रकरण छापून आले : अनेक वर्षे दिवसातून कित्येक वेळा व्हॅलेरियन घेणाऱ्या एका गृहस्थास शस्त्रक्रियेनंतर, ते बंद पडले असता, हृदयाचा उपद्रव व भ्रम झाला. तो गृहस्थ इतरही औषधे घेत होता आणि प्रकरण एकच आहे, म्हणून त्यावरून नियम बांधता येणार नाही. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी रोगी कोणती मुळी घेतो हे विचारावे, एवढे त्याने निश्चित शिकविले. याच्या दुसऱ्या टोकाला कामिनीविद्रावण रस आहे. या जुन्या कल्पात अहिफेन असते. परदेशी गेलेल्या भारतीय श्रमिकांत त्याची सवय लागल्याची व ती सोडविण्यासाठी अफूच्या व्यसनासारखी चिकित्सा करावी लागल्याची प्रकरणे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथून नोंदली गेली आहेत. ‘वनस्पतीचे’ या एकाच शब्दाखाली तगर आणि अफू दोन्ही विकली जातात. सोडण्याची रीत मात्र दोहोंची एक असू शकत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य वैद्यक याच प्रश्नाकडे निराळ्या वाटेने आले. बेन्झोडायझेपिन वर्गातील झोपेच्या गोळ्या सोडविण्यासाठी न्यूकॅसल येथे १९८२ ते १९९४ या काळात प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनी स्वतंत्र चिकित्सालय चालविले. चालू मात्रेच्या सुमारे दहाव्या हिश्श्याने, एक-दोन आठवड्यांच्या अंतराने, रोग्याच्या सहनशक्तीप्रमाणे उतरावे, हे त्यांच्या पद्धतीचे सार आहे. येथे दहावा हिस्सा ‘मूळच्या’ मात्रेचा नसून ‘चालू’ मात्रेचा आहे, म्हणजे पायरी आपोआप लहान होत जाते. १९४९ च्या परिषदेचा दहावा हिस्सा आणि ॲश्टन यांचा दहावा हिस्सा यांत हाच फरक आहे. वाग्भटाने जे मुक्काम वाढवून साधले ते येथे पायरी लहान करून साधले आहे. शिवाय वेग ठरविण्याचा अधिकार येथे रोग्याकडे आहे, जो संहितेत वैद्याकडे आणि परिषदेत खात्याकडे होता.

आज भारतात औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या ‘ई(१)’ परिशिष्टात आयुर्वेदीय विषारी द्रव्यांची यादी आहे. तीत अहिफेन, भांग, धत्तूर आणि पारसीक यवानी म्हणजे खुरासनी ओवा यांची नावे आहेत. अशी द्रव्ये असलेल्या औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापणे आवश्यक असते. घेण्याविषयीची सूचना ती एवढीच. पाव हिश्श्याने उतरावे की सोळाव्या हिश्श्याने, दोन पायऱ्यांमध्ये किती दिवस थांबावे, आणि त्या दिवसांत दूध, अभ्यंग, मस्तकतर्पण यांपैकी काय जागी आणावे, यांविषयी अष्टांगहृदयाच्या सातव्या अध्यायात जे आहे त्यातील एकही अक्षर त्या वेष्टनावर नसते.